चाकोरी, पाणी आणि चामुंडीचा डोंगर

(गणेशोत्सवात मंडळाच्या सभासदांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आरती आणि प्रसाद यांच्या मधल्या वेळेत ज्याला बोलायला उभे केले जाते, त्याने वेळेवर थांबणे हेच खरे वक्तृत्व. रेल्वेचा माणूस वेळेवर थांबेल यावर आपला कितपत विश्वास आहे हे मी विचारत नाही, पण प्रयत्न करतो.

विषय निघण्याचे कारण असे की, आपल्या युवक विभागाने दसऱ्याच्या सुट्टीत चामुंडी डोंगरावर माउंटन बाइकची सहल काढायचे ठरवले आहे. बेत उत्तम आहे. मुले मोबाइल खाली ठेवून चढ चढणार असतील तर त्यांना प्रसादाचे दोन मोदक जास्त द्यावेत, या मताचा मी आहे. परंतु सहलीचा जो मार्ग आखला आहे, त्यात डांबरी रस्त्याने वर जाऊन झाडीतल्या पायवाटेने खाली उतरायचे आहे. त्या खाली उतरण्याबद्दल मला बोलायचे आहे. मी काही सायकलचा विरोधक नाही. २०१७ साली म्हैसुरात 'ट्रिन ट्रिन' ही सार्वजनिक सायकल योजना सुरू झाली तेव्हा आपल्यापैकी अनेकांना आनंद झाला, त्यात मीही होतो. प्रश्न सायकल चालवावी की नाही हा नाही. कुठे, केव्हा आणि कशी, हा आहे.

प्रथम या खेळाचा थोडा इतिहास सांगतो, कारण त्यात आपल्या उपयोगाचे बरेच आहे. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस मरीन नावाचा जिल्हा आहे. तिथल्या माउंट तामालपायस या डोंगराच्या परिसरात काही तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन कच्च्या रस्त्याने वेगात खाली उतरत. १९७६ पासून त्यांच्या शर्यती सुरू झाल्या. त्या सायकलींच्या मागच्या चाकातला ब्रेक उतारावर इतका तापे की आतल्या ग्रीसचा धूर होई आणि प्रत्येक फेरीनंतर नवे ग्रीस भरावे लागे. म्हणून त्या उताराचे नावच 'रीपॅक' पडले. आज जगभर विकल्या जाणाऱ्या माउंटन बाइकचा जन्म अशा ठिकाणी झाला.

पण पुढे काय झाले? सायकली वाढल्या, पायी फिरणारे आणि घोडेस्वार तक्रारी करू लागले. त्याच डोंगरावरच्या बहुतेक अरुंद पायवाटा सायकलींना बंद झाल्या. रुंद रस्त्यांवर वेगमर्यादा आली: ताशी १५ मैल, म्हणजे सुमारे २४ किलोमीटर, आणि पुढचे न दिसणाऱ्या वळणावर किंवा कुणाला ओलांडताना ताशी ५ मैल, म्हणजे ८ किलोमीटर. रेल्वेच्या भाषेत सांगायचे तर कायमची कॉशन ऑर्डर लागली! वाटा एकामागून एक बंद होताना पाहून १९८८ साली कॅलिफोर्नियातल्या सायकलवाल्यांनीच एक संघटना काढली आणि स्वतःसाठी नियम केले. खुल्या असलेल्या वाटेवरच जा, मागे खूण ठेवू नका, सायकल ताब्यात ठेवा, इतरांना वाट द्या, जनावरांना घाबरवू नका आणि तयारीनिशी निघा, असे त्या नियमांचे सार आहे. शिस्त बाहेरून लादली जाण्याआधी आपणच लावून घेतलेली बरी, हा त्यातला धडा.

आता आपल्या चामुंडीकडे येऊ. हा डोंगर समुद्रसपाटीपासून हजार मीटरपेक्षा थोडा अधिक उंच आहे. वर देवीचे मंदिर, वाटेत एकाच पाषाणात कोरलेला प्रचंड नंदी, आणि पायथ्यापासून हजारावर पायऱ्या. या पायऱ्या सतराव्या शतकात दोड्ड देवराज वडेयरांच्या काळात झाल्या. आपल्याकडे तुळजापूर किंवा वणी, तसे म्हैसूरकरांना हे स्थान. पण मंदिर, रस्ता आणि पायऱ्या सोडल्या तर बाकीचा बहुतेक उतार राखीव जंगल आहे, हे आपण विसरतो. शहराला इतके चिकटून असलेले हे जंगल आहे की खालून हॉर्न ऐकू येतात आणि वर मोर ओरडतात. बिबट्याही आहे. कन्नडमध्ये त्याला 'चिरते' म्हणतात. तो शब्द स्थानिक बातम्यांत अधूनमधून वाचायला मिळतो.

मी सुट्टीच्या दिवशी पायऱ्या चढतो. चढताना कडेला, झाडीतून सरळ खाली उतरलेल्या मातीच्या रेघा दिसतात. कुठली चाकाने पडली, कुठली पायांनी, हा वाद मी घालत नाही. त्या रेघेचे पुढे काय होते, ते माझ्या धंद्याचे आहे आणि तेच सांगतो.

आमच्या खात्यात जुनी माणसे नव्या माणसाला सांगत, रुळाचे शत्रू तीन: पहिला पाणी, दुसरा पाणी आणि तिसराही पाणीच. रूळ, स्लीपर, खडी हे सगळे मातीच्या भरावावर उभे असते. त्या मातीत पाणी मुरले किंवा तिच्यावरून धावले की वरचे पोलाद काही कामाचे नाही. म्हणून डोंगर कापून लोहमार्ग नेताना आम्ही कापाच्या वरच्या अंगाला आधी कॅच वॉटर ड्रेन काढतो, रुळाच्या बाजूने साइड ड्रेन काढतो, आणि पावसाळ्यात माणसे रात्रभर कंदील-बॅटरी घेऊन गस्त घालतात. आपल्याच म्हैसूर विभागात सकलेशपूर ते सुब्रह्मण्य रोड हा ५५ किलोमीटरचा घाट आहे. त्यात ५७ बोगदे आहेत आणि चढ आहे पन्नासात एक. आपल्या बोरघाटात तो सदतिसात एक. एवढ्या सौम्य चढावर, एवढी गटारे काढूनही दरडी येतात आणि गाड्या थांबतात.

आता चामुंडीच्या त्या रेघेचा विचार करा. ती पन्नासात एक नाही. कुठे पाचात एक, कुठे त्याहूनही खडी. बाजूला गटार नाही, गस्त नाही. खाली ग्रॅनाइटचा खडक आणि त्यावर मातीचा पातळ थर. ही माती धरून ठेवली आहे ती गवताच्या आणि झुडपांच्या मुळांनी. उतारावर पडलेले पाऊसपाणी एरवी पालापाचोळ्यातून पसरत, रेंगाळत, मुरत खाली येते. त्याला एक खोलगट रेघ मिळाली की आजूबाजूचे सगळे पाणी तिच्यात जमा होते आणि धावू लागते. धावत्या पाण्याचा वेग वाढला की त्याची माती ओढून नेण्याची ताकद कितीतरी पटींनी वाढते. पहिल्या वर्षी बोटभर असलेली रेघ पुढे वीतभर होते. मग तिच्यातून सायकल नेता येत नाही म्हणून पुढचा माणूस शेजारून जातो, आणि दुसरी रेघ पडते. चाक फक्त ओरखडा काढते. तो चिघळवते पाणी.

मराठीत 'चाकोरी' हा शब्द आहे. गाडीच्या चाकांनी रस्त्यावर पडलेली खोल रेघ, हा त्याचा मूळ अर्थ. चाकोरीबाहेर पडा, असा उपदेश आपण एरवी तरुणांना करतो. आज मी उलटे सांगणार आहे. डोंगरावर चाकोरी सोडू नका आणि नवी चाकोरी पाडू नका.

चांगली वाट कोणती आणि वाईट कोणती हे ओळखायला सोप्या खुणा आहेत. चांगली वाट डोंगराला बिलगून तिरकी, वळणे घेत जाते. वाईट वाट पाण्याच्या ओघळासारखी सरळ खाली उतरते. वाटा बांधणारे जाणकार दोन आडाखे पाळतात. वाटेचा सरासरी चढ दहात एकापेक्षा जास्त नसावा, आणि डोंगराचा जो उतार असेल त्याच्या निम्म्याहून अधिक तो नसावा. म्हणजे उतार चारात एक असेल तर वाट आठात एकाहून खडी नको. शिवाय वाट दरीच्या अंगाला किंचित कललेली असावी, म्हणजे पाणी तिच्यावरून न धावता आडवे निघून जाते. हे मी तुम्ही कुदळ-फावडे घेऊन निघावे म्हणून सांगत नाही. राखीव जंगलात वाट बांधणे हे वनखात्याचे काम. पायाखालची वाट पाहून 'हिच्यावर चाक घालू नये' एवढे कळावे, म्हणून सांगतो.

दुसरी गोष्ट ऋतूची. आपल्या कोकणात पाऊस जून ते सप्टेंबर पडतो आणि दसऱ्याला शेताच्या बांधावर झेंडू फुलतो. म्हैसूरचे गणित वेगळे आहे. इथे मे महिन्यात वळवाचे जोरदार पाऊस होतात आणि पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबरात मोठ्या सरी येतात. आपण 'पावसाळा संपला' म्हणून ज्या दसऱ्याच्या सुट्टीत निघणार, तेव्हा चामुंडीची माती सर्वांत मऊ असते. २०२१ साली ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जोरदार पावसानंतर नंदीकडे जाणाऱ्या रस्त्याची कड खचली आणि तो रस्ता वाहनांना बंद करावा लागला, हे इथे बसलेल्या पुष्कळांना आठवत असेल. डांबर आणि दगडी बांधकाम असलेल्या रस्त्याची ही गत, तर मोकळ्या उताराची काय कथा? ओल्या मातीत जाड खाचांचा टायर नांगरासारखा चालतो. त्यात मागचे चाक जाम करून घसरत नेण्याची हौस असेल तर विचारूच नका.

या भाषणाची तयारी करताना युवक विभागातल्या एका मुलाने मला प्रश्न केला. म्हणाला, "काका, सुट्टीच्या दिवशी डोंगरावर मोटारींच्या रांगा लागतात. हजारो लोक पायी चढतात. मग आमच्या दहा सायकलींनी डोंगर झिजणार आहे का?" प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर प्रामाणिकपणे दिले पाहिजे. १९९४ साली अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या डोंगरवाटांवर याचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात घोड्यांच्या टापा आणि माणसांचे पाय यांनी सायकलच्या चाकांपेक्षा जास्त माती सुटी होते असे आढळले. तेव्हा सायकल हीच तेवढी दोषी, असे कुणी म्हणू नये. मोटारींबद्दलही त्याचे म्हणणे मला मान्य आहे. पण मोटारी रस्त्यावर असतात आणि यात्रेकरू पायऱ्यांवर. ज्या उतारावर आज काहीच जात नाही तिथे पहिली रेघ पाडणारा कोण, हा खरा मुद्दा आहे. आणि दहा सायकली दहाच राहत नाहीत. उतरल्यावर कुणीतरी व्हिडिओ टाकतो, कुणी मोबाइलमध्ये नोंदलेला मार्ग मित्रांना पाठवतो. पुढच्या महिन्यात त्याच रेघेवर बंगळुरूहून शंभर सायकली येतात. पहिल्या दहांना त्यांना थांबवता येत नाही.

कायद्याचेही सांगितले पाहिजे. राखीव जंगलात परवानगीवाचून शिरणे हा कर्नाटक वन कायदा, १९६३ प्रमाणे गुन्हा आहे. वाटेवर फाटक नाही म्हणजे परवानगी आहे, असे नसते. आपल्या आसपासच्या बंदीपूर आणि नागरहोळे या व्याघ्र प्रकल्पांना तर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू आहे. तिथल्या आतल्या वाटांवर मनाने सायकल घालण्याचा विचारही नको. बंदीपूरमधून जाणाऱ्या महामार्गावर २००९ पासून रात्री ९ ते सकाळी ६ वाहतूक बंद ठेवतात, ती काही उगाच नाही. रात्री तो रस्ता जनावरांचा असतो. उलट, नियम पाळून काय करता येते याचे उदाहरण मुंबईत आहे. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात बिबटे आहेत, तरी कान्हेरी लेण्यांकडे जाणाऱ्या सहा-सात किलोमीटरच्या डांबरी रस्त्यावर लोक सायकल चालवतात. ठरलेले फाटक, ठरलेली वेळ आणि ठरलेला रस्ता. ज्यांची मुळे मुंबईत आहेत त्यांनी ते पाहिलेही असेल.

जनावरांच्या बाबतीत सायकलचा एक दोष आहे, आणि तो म्हणजे तिचा गुण. ती आवाज करत नाही. पायी माणूस बोलत, पाचोळा वाजवत येतो. जनावराला सरकायला वेळ मिळतो. सायकल वेगात आणि चुपचाप येते. २०१६ साली मोंटानामध्ये ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानाजवळच्या जंगलवाटेवर वनखात्याचाच एक कर्मचारी सुट्टीच्या वेळी सायकल चालवत होता. वळणावर तो थेट ग्रिझली अस्वलावर आदळला आणि त्यात त्याचा मृत्यू झाला. माणूस जंगल जाणणारा होता. वेग आणि न दिसणारे वळण एकत्र आले की जाणकारीला वेळच उरत नाही. लोहमार्गावर फाटकाच्या अलीकडे 'सी/फा' लिहिलेली पाटी असते. ती दिसली की चालकाने शिट्टी द्यायची, पुढे फाटक दिसो वा न दिसो. सायकलवाल्याने प्रत्येक वळण ही आपली 'सी/फा'ची पाटी समजावी आणि घंटी वाजवावी. वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारे अंतर चौपट होते, हे शाळेतले गणित सुट्या खडीवर आणखी कडक लागू होते.

आणि पायऱ्यांबद्दल. दूर चिली देशात वाल्पाराइसो शहरातल्या जिन्यांवरून सायकली उतरवण्याची शर्यत होते, तिचे व्हिडिओ आपली मुले आवडीने पाहतात. तो आखलेला, बंदोबस्त असलेला मार्ग असतो. चामुंडीच्या पायऱ्यांवर बायाबापड्या प्रत्येक पायरीला हळद-कुंकू लावत चढतात. आषाढातल्या शुक्रवारी ते दृश्य जरूर पाहावे. त्या पायरीवर चाक घालणे बेकायदा आहे की नाही हे मी शोधत बसणार नाही. ज्या घरात राहतो त्या घराच्या उंबऱ्यावर आपण पाय देत नाही, एवढे पुरे.

आपण कामधंद्यासाठी इथे आलो, कुणी एका पिढीपूर्वी, कुणी तीन. म्हैसूरने आपल्याला सामावून घेतले. इथली भाषा आपली मुले आपल्यापेक्षा चांगली बोलतात. दोन भाषांत सारखीच असलेली एक गोष्ट मला फार आवडते. आपल्या सह्याद्रीत देवराई असते, तशी शेजारच्या कोडगूत 'देवरकाडु' असते. तिथे अशा हजारावर राया आहेत. देवाच्या रानातली काटकीसुद्धा उचलायची नाही, हा नियम दोन्हीकडे सारखा. वनखात्याचा फलक नव्हता तेव्हाही तो पाळला गेला. चामुंडीचा डोंगर ही अख्ख्या शहराची देवराई आहे, असे मानले तर निम्मे नियम सांगावेच लागणार नाहीत.

तरी निघायचे तर कसे निघायचे, ते थोडक्यात सांगतो.

एक, दसऱ्याची सहल रद्द करू नका, फक्त मार्ग बदला. पहाटे उजाडल्यावर ताव्रेकट्टेच्या बाजूने डांबरी रस्त्याने वर जायचे आणि त्याच रस्त्याने खाली यायचे. उतारावर एकामागे एक, डोक्यावर हेल्मेट, मागे लाल दिवा.

दोन, जंगलवाटेची हौस असेल तर आधी 'अरण्य इलाखे'च्या कचेरीत लेखी अर्ज करायचा. अर्ज मंडळाच्या नावाने, कन्नडमध्ये. नाही म्हणाले तर नाही.

तीन, परवानगी मिळाली तरी नोव्हेंबरअखेर ते जानेवारी एवढाच काळ धरावा. त्याआधी माती ओली, त्यानंतर गवत वाळलेले. २०१९ च्या फेब्रुवारीत बंदीपुरात हजारो एकर रान जळाले. उन्हाळ्यात चूल, सिगारेट, फटाका यांपैकी काहीही डोंगरावर नको.

चार, मातीवर टायरचा ठसा खोल उमटू लागला की उतरायचे आणि सायकल हातात धरून, वाटेवरूनच परत फिरायचे. चिखल चुकवायला बाजूच्या गवतात शिरायचे नाही.

पाच, चढणाऱ्याला आणि चालणाऱ्याला पहिली वाट. जनावर दिसले तर थांबायचे. फोटोसाठी पुढे जायचे नाही. गाणी लावायची नाहीत.

सहा, नवा मार्ग सापडला तर तो मोबाइलवरून कुणाला पाठवायचा नाही. नेलेले सगळे, केळ्याच्या सालीसकट, परत आणायचे.

एवढे करूनही परवानगी न मिळाल्यास नाराज होऊ नका. वरुणा कालव्याच्या बाजूचे मातीचे रस्ते आहेत, ऊस-भाताच्या शेतांमधून जाणाऱ्या गाडीवाटा आहेत. गावकऱ्यांना विचारून जा. विचारणाऱ्याला ताक मिळते, असा माझा अनुभव आहे.

नियमांनी आनंद कमी होतो असे काहींना वाटते. आपल्याच मंडळाकडे पाहा. शाडूची मूर्ती आणि विसर्जनाला हौद, हे ठरले तेव्हा किती कुरकुर झाली! आज तीच मुले हौदातली माती कुंड्यांत घालून तुळस लावतात. बाप्पा काही लहान झाला नाही.

म्हणून कार्यकारिणीला माझी विनंती आहे. सहलीचा नवा मार्ग या आठवड्यातच नक्की करावा आणि वनखात्याला द्यायच्या अर्जावर युवक विभागाच्या प्रमुखांबरोबर माझीही सही घ्यावी. अर्जाचे कन्नड तपासून द्यायला घरात तयार माणसे आहेत, माझी मुलगी त्यांत पहिली. सायकल डोंगरावर जाऊ दे, पण ती गेली होती हे डोंगराला कळू नये.

प्रसादाची वेळ झाली आहे.

गणपती बाप्पा मोरया!